साष्टीच्या वाटेवरचे एक उमरावी घराणे

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेल्या मिरा, भाईंदर, घोडबंदर, डोंगरी, उत्तन या गावांतून जो प्रवासी पश्चिमेकडील सडकेने मुंबईत उतरतो, तो माहीमची खाडी ओलांडताना आपण एका स्त्रीच्या खासगी द्रव्यातून उभ्या राहिलेल्या बांधावरून जात आहोत, याचे स्मरण क्वचितच ठेवतो. आणि ज्यांना ते असते त्यांनाही त्या स्त्रीच्या नावामागे लागलेला ‘लेडी’ हा शब्द बहुधा केवळ आदरार्थी वाटतो. साष्टी बेटातून मुंबई बेटात येण्यास पूर्वेकडे शीवजवळ गव्हर्नर डंकन याच्या कारकीर्दीत बांधलेला रस्ता होता, परंतु पश्चिमेकडे वांद्रे आणि माहीम यांच्या दरम्यान सर्व भिस्त होडीवर असे, आणि पावसाळ्यात खाडीला उधाण आले म्हणजे उतारूंच्या जिवाचा भरवसा नसे. पुलाच्या खर्चाचा भार उचलण्यास कंपनी सरकार राजी होईना, तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि या बांधावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून सरकारने कोणतीही पट्टी घेऊ नये, अशी शर्त घातली. १८४५ साली गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्या हस्ते तो वाहतुकीस खुला झाला, आणि वांद्र्याहून अंधेरी, मालाड, बोरिवली अशा क्रमाने थेट घोडबंदरापर्यंत जाणाऱ्या जुन्या रस्त्याला मुंबईचे दार सर्वकाळ उघडे झाले. आमच्या भागाचे मुंबईशी जे नाते पुढे जडले, त्याच्या आरंभीच्या दुव्यांपैकी हा एक होय.

‘लेडी’ हा शब्द या दात्रीच्या नावामागे लागला तो तिच्या पतीला १८४२ साली इंग्लंडच्या राणीकडून ‘नाइट’ हा किताब मिळाला म्हणून. पुढे १८५७ साली त्याच पतीला त्याहून वरचा आणि वंशपरंपरेने चालणारा ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला, आणि इंग्लंडच्या भूमीशी, तेथील किल्ल्याकोटांशी वा रणांगणांशी ज्याचा काडीचाही संबंध नव्हता असे नवसारीकडील पारशी अथोर्नान, म्हणजे पुरोहितवर्गातील, कुळ इंग्लंडच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांच्या यादीत जाऊन बसले. इंग्रजी किताबांचे इतिहास इंग्रजीत विपुल आहेत. पण एखादा किताब इंग्लंडबाहेर, आपल्या दाराशी, रुजवावा लागला म्हणजे त्याच्या मुळाशी कोणकोणत्या गोष्टी होत्या हे जितके उघड दिसते तितके ते त्याच्या मायभूमीत दिसत नाही, असे मला वाटते, आणि म्हणूनच जीजीभाई घराण्याचा हा वृत्तांत सविस्तर सांगण्यासारखा आहे.

प्रथम या किताबाचे स्थान समजून घेतले पाहिजे. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन या पाच पायऱ्यांवरील मानकरी म्हणजे खरे ‘पीअर’, म्हणजेच उमराव, आणि त्यांना शतकानुशतके लॉर्डांच्या सभागृहात जन्मसिद्ध आसन असे. बॅरोनेट हा त्यांच्या खालचा. त्याला ते आसन नाही, परंतु सामान्य नाइटाचा ‘सर’ हा मान त्याच्या देहाबरोबर संपतो, तर बॅरोनेटाचा मान त्याच्यामागे थोरल्या मुलाकडे आणि तेथून पुढे औरस पुरुषसंततीत चालत राहतो. हा किताब फार प्राचीनही नाही. पहिला जेम्स राजा याला आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात फौज ठेवण्यासाठी पैसा हवा होता, तेव्हा २२ मे १६११ रोजी त्याने हा दर्जा निर्माण केला आणि तीस शिपायांचा तीन वर्षांचा खर्च, दर शिपायास रोजचे आठ पेन्स या दराने, म्हणजे एकूण १०९५ पौंड, जो देईल त्याला तो देण्याचे ठरविले. वार्षिक हजार पौंडांचे उत्पन्न आणि आजोबाच्या वेळेपासून कुलचिन्ह धारण करण्याचा हक्क, या आणखी दोन अटी होत्या. अल्स्टरच्या त्या मोहिमेची खूण म्हणून रक्तवर्णी पंजा हे चिन्ह बॅरोनेटांच्या ढालीवर आजही असते. खजिन्याची निकड भागविण्यासाठी राजाने सनदा द्याव्या आणि धनिकांनी त्या घ्याव्या, हा प्रकार आपल्याकडील दफ्तरे चाळलेल्या वाचकाला मुळीच अपरिचित वाटणार नाही.

परंतु आपल्या सनदांशी तुलना केली असता एक मोठा भेदही दिसतो. पेशवाईतील इनाम किंवा वतन घराण्याला मिळे, आणि घराणे म्हणजे सर्व भाऊबंद. पाटीलकीचे वतन असले तरी तिची तक्षीम पडे, वडीलपणाचा मान एकाचा असला तरी उत्पन्नाचा हिस्सा सर्वांचा असे, आणि त्या हिश्शांवरून होणारे कज्जे सरकारदरबारी पिढ्यान्‌पिढ्या चालत. इंग्लंडातील किताब आणि त्याच्याबरोबरची जमीन यांची वाटणीच होत नाही. सर्व काही थोरल्या मुलाकडे जाते आणि धाकट्यांनी सैन्यात, चर्चमध्ये किंवा व्यापारात आपले नशीब काढावे अशी रीत. किताब, वाडा, जमीन आणि थोरला मुलगा ही चार अंगे एकत्र बांधलेली असल्यामुळेच इंग्लंडातील उमरावी घराणी पाचपाचशे वर्षे टिकली. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याला किताब मिळाला तेव्हा या चारांपैकी उरलेली तीन अंगे आणावयाची कोठून, हा प्रश्न उभा राहिला.

जमशेटजी यांचा जन्म १५ जुलै १७८३ चा. १७९९ साली अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने आईवडील निवर्तले आणि सोळा वर्षांचा हा मुलगा मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी यांच्याकडे रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारात उमेदवारी करू लागला. त्यावरूनच त्याला काही काळ बाटलीवाला म्हणत. याच मामाची कन्या अवाबाई १८०३ साली त्याची पत्नी झाली. १८०७ पर्यंत त्याने चीनच्या पाच सफरी केल्या. त्यांपैकी चौथ्या सफरीत, १८०५ साली, तो ज्या ‘ब्रन्सविक’ नावाच्या जहाजावर होता ते फ्रेंच आरमारी अधिकारी लिन्वा याने पकडून केप ऑफ गुड होपकडे नेले आणि जमशेटजीजवळचे सारे किडूकमिडूक गेले. परंतु त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण शस्त्रवैद्य होता. या दोघांची तेथे जी ओळख झाली तिच्यातून पुढे कॅन्टनची जार्डिन मॅथेसन पेढी आणि मुंबईची जमशेटजी जीजीभाई पेढी यांच्यामधील तो व्यवहार उभा राहिला, ज्याने दोघांनाही कोट्यधीश केले. मुंबईतील त्याच्या पेढीचे भागीदार पाहिले तरी त्या काळच्या बंदराचे चित्र डोळ्यांपुढे येते: मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रॉजर दि फारिया हे गोव्याचे ख्रिस्ती.

हा व्यवहार कशाचा होता, हे झाकून ठेवणे लेखकाला शोभणार नाही. कापूस होताच, परंतु धनाचा मोठा ओघ अफूचा होता. ती अफू प्रामुख्याने माळव्यातली, म्हणजे शिंदे आणि होळकर यांच्या मुलखात पिकलेली. मराठी संस्थानांच्या शेतांतून निघून मुंबईच्या बंदरातून ती चीनच्या किनाऱ्याला लागे आणि तेथील लक्षावधी लोकांचा नाश करी. १८३९ साली चिनी बादशहाचा अधिकारी लिन याने कॅन्टनमधील वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या, त्यात जमशेटजींचाही माल होता. त्यावरून इंग्लंडने चीनशी युद्ध पुकारले आणि ज्या १८४२ साली ते युद्ध तहाने संपले त्याच साली जमशेटजी ‘सर’ झाले. या दोन घटनांत प्रत्यक्ष कार्यकारणभाव आहे असे मी म्हणत नाही, कारण किताब देताना सरकारने दातृत्वाचाच उल्लेख केला आणि ते दातृत्व खरोखर अपूर्व होते. भायखळ्याचे इस्पितळ, जे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या जोडीने सुरू झाले. १ लाख रुपयांच्या देणगीतून निघालेली आणि १८५७ साली सुरू झालेली कलाशाळा. पारशी मुलांसाठी १८४९ साली स्थापिलेली शिक्षणसंस्था. पुण्यास पाणी मिळावे म्हणून मुळा-मुठेवर घातलेला बंधारा, ज्याच्यावरून बंडगार्डन हे नाव पडले. ही यादी पुष्कळ लांबविता येईल. ज्या धनाने कॅन्टनमध्ये घरे बुडाली त्याच धनाने भायखळ्यात रोग्यांना खाटा मिळाल्या, या दोन्ही गोष्टी एकाच खातेवहीच्या पानावरच्या आहेत आणि त्या एकत्रच वाचल्या पाहिजेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

बॅरोनेटपदाची तारीख ६ ऑगस्ट १८५७ अशी आहे. मेरठच्या छावणीत बंड होऊन जवळजवळ तीन महिने लोटले होते, दिल्ली अद्याप इंग्रजांच्या हाती आली नव्हती, आणि पुढे ऑक्टोबरात मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर दोन हिंदी शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. अशा दिवसांत हिंदुस्थानातील एका गृहस्थाला इंग्लंडचा वंशपरंपरागत किताब प्रथमच देण्यात येत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे राजकीय मोल ध्यानात येते. त्याच मुंबईत, त्याच वर्षी, मुरबाडचे जगन्नाथ शंकरशेट यांच्यावर बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेतला गेला आणि तो खोटा ठरला. हे दोघे एकमेकांचे जुने सहकारी. १८५२ साली ‘बॉम्बे असोसिएशन’ निघाली तेव्हा नाना शंकरशेट तिचे अध्यक्ष आणि सर जमशेटजी सन्माननीय अध्यक्ष. शहराच्या शाळा, आगगाडी, इस्पितळे यांसाठी नानांनी जे केले ते कोणत्याही मापाने कमी नव्हते. परंतु ठाणे जिल्ह्यातल्या या दैवज्ञ कुळाला कोणताही वंशपरंपरागत इंग्रजी किताब मिळाला नाही, आणि आमच्या जिल्ह्यातील मराठी माणसाला नानांचे नाव घेण्यासाठी त्याची गरजही कधी भासली नाही.

किताबाबरोबर कुलचिन्ह आले. लंडनच्या कुलचिन्ह कार्यालयाने जीजीभाईंसाठी जी ढाल रचली तिच्या निळ्या पार्श्वभूमीवर खाली मुंबईजवळचा घाट, म्हणजे आपला सह्याद्री, त्यामागून उगवणारा सूर्य आणि वर उडणाऱ्या दोन मधमाश्या आहेत. शिरोभागी गव्हाच्या ओंब्यांमध्ये उभा असलेला मोर. आणि ब्रीदवाक्य उद्योग व औदार्य या दोन गुणांचे. सिंह, गरुड आणि तलवारी यांनी भरलेल्या त्या परंपरेत सह्याद्रीची रांग, मोर आणि गव्हाची ओंबी यांना मिळालेले स्थान मला फार हृद्य वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थोरल्या मुलाकडे सर्व जावे ही रीत पारशी समाजाला नुसती परकीच होती असे नाही, तर तिच्याविरुद्ध त्या समाजाने नुकताच झगडा करून कायदा मिळविलेला होता. मुंबई बेटात सुप्रीम कोर्टाचा इंग्रजी कायदा चाले आणि हिंदू-मुसलमानांना आपापल्या वारसाशास्त्राची जशी मुभा होती तशी पारशांना निश्चित नव्हती. १८३५ च्या सुमारास एका पारशी गृहस्थाच्या थोरल्या मुलाने, मृत्युपत्राच्या अभावी इंग्रजी कायद्याप्रमाणे बापाची सर्व स्थावर मिळकत माझीच, असा दावा केला तेव्हा साऱ्या समाजात खळबळ माजली. पंचायतीने सरकारकडे अर्ज केला आणि १८३७ चा नववा कायदा झाला, ज्याने पारशांच्या स्थावर मिळकतीला, मृत्यूनंतरच्या वारशापुरते, पट्ट्याने घेतलेल्या मिळकतीसारखे मानावे असे ठरविले; म्हणजे ती एकट्या थोरल्याकडे न जाता विधवा, मुले व मुली यांच्यात वाटली जाऊ लागली. असा हा समाज थोरल्याच्या हक्कातून सुटून पुरी वीस वर्षे झाली न झाली तोच त्यातील सर्वांत मोठ्या घराण्याला असा मान मिळाला, जो थोरल्याच्या हक्कावाचून उभाच राहू शकत नव्हता. किताब एकाकडे आणि संपत्ती दहा हिश्शांत, अशी स्थिती झाली असती तर दोन पिढ्यांत ‘सर’ म्हणविणारा वंशज भाड्याच्या खोलीत राहता, आणि ही नामुष्की घराण्याइतकीच सरकारलाही नको होती.

तोड निघाली ती कायद्याच्या बळावर. १४ एप्रिल १८५९ रोजी सर जमशेटजी वारले आणि दुसऱ्या वर्षी हिंदुस्थानच्या कायदे कौन्सिलाने १८६० चा विसावा कायदा केवळ या एका कुटुंबासाठी संमत केला. दरसाल १ लाख रुपये उत्पन्न देणारे सरकारी रोखे आणि मुंबईतील ‘माझगाव कॅसल’ नावाचा बंगला व त्याची जागा ही विश्वस्तांकडे कायमची बांधून ठेवावी, त्यांचे उत्पन्न व वहिवाट त्या त्या वेळच्या बॅरोनेटाला मिळावी, त्याला ती विकता वा गहाण टाकता येऊ नये, असा त्याचा आशय. इंग्लंडात जे काम शेकडो एकर जमीन, कुळे आणि कोरीव दगडांचा वाडा यांनी केले असते ते येथे सरकारी कर्जरोख्यांच्या व्याजाने करावयाचे होते. जमिनीऐवजी कागद, आणि राजाच्या दानाऐवजी किताब घेणाऱ्याच्याच गाठीचे द्रव्य: उमरावीचा पाया जमिनीत नसून तो कायद्याने बांधलेल्या उत्पन्नात असतो, हे सत्य माझगावच्या या व्यवस्थेने जितके स्वच्छ दाखविले तितके इंग्लंडातील कोणत्याही जुन्या घराण्याने दाखविले नसेल.

साष्टीतल्या वाचकाला येथे साहजिकच असा प्रश्न पडेल की, त्या काळी जमिनी तर सरकार मुक्तहस्ताने देत होते, मग या घराण्याला का नाही? जीजीभाई हेच नाव धारण करणारे पण निराळ्या कुळातले बैरामजी जीजीभाई यांना १८३० साली साष्टीतील सात गावे मिळाली होती. पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला असलेले नाव याच दुसऱ्या कुळाचे, आणि दोन्ही घराण्यांची गल्लत सुशिक्षित माणसेही नेहमी करतात. आमच्याच गावांच्या बाबतीत, मिरा, भाईंदर आणि घोडबंदर येथील जमिनी सरकारने १८७० साली रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या, त्या खाडीचे खारे पाणी शेतांत शिरू नये म्हणून बांध घालून राखण्याच्या शर्तीवर. माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर याच शर्तींत आहे. साष्टीतील खोतांना जमीन मिळे ती कामाच्या मोबदल्यात, कसणाऱ्यांकडून वसूल करण्याच्या हक्कासह आणि बांधबंदिस्तीच्या जबाबदारीसह. बॅरोनेटाला हवे होते ते निश्चित, निर्वेध आणि पावसापाण्यावर न अवलंबणारे उत्पन्न, आणि ते खाजणातल्या भातापेक्षा सरकारी रोख्यातच अधिक खात्रीचे होते.

त्या खात्रीचा अनुभव पाच वर्षांतच आला. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचा धुमाकूळ माजला, आणि १८६५ साली युद्ध संपताच सर्व डोलारा कोसळला. पहिल्या बॅरोनेटाचे दुसरे चिरंजीव रुस्तमजी जमशेटजी त्यात पुरते बुडाले. त्यांचे दातृत्व वडिलांना शोभणारे होते: हिंदी तरुणांनी विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्या ठेविल्या होत्या, ज्यांच्यामुळे काँग्रेसचे पहिले अध्यक्ष उमेशचंद्र बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता हे दोघेही इंग्लंडला जाऊ शकले; रुस्तमजींचे दिवाळे निघाले तेव्हा फिरोजशहांची शिष्यवृत्ती मध्येच थांबली. रुस्तमजींचे थोरले बंधू हे दुसरे बॅरोनेट. त्यांच्या नावाला जोडलेले रोखे आणि माझगावचा बंगला मात्र कायद्याच्या तटबंदीआड सुरक्षित राहिले. एकाच बापाचे दोन मुलगे, एकाची मिळकत मोकळी आणि दुसऱ्याची बांधलेली. त्या वर्षाच्या वावटळीत कोणती टिकली याचा हा निर्वाळा आहे.

परंतु कागदी उत्पन्नालाही घूस लागते, ती हळूहळू. १८६० साली रुपयाचा भाव सुमारे दोन शिलिंग होता, म्हणजे लाख रुपये हे दहा हजार पौंड झाले; शतकाच्या अखेरीस चांदीची किंमत घसरून रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिर झाला तेव्हा तेच लाख रुपये सहा हजार सहाशे पौंडांच्या आसपास आले. इंग्लंडातील जमीनदारांनाही त्या काळात धान्याच्या स्वस्ताईने ग्रासले होते, तरी जमीन कधी ना कधी वर येते. व्याजाचा आकडा मात्र ठरला तो ठरला. १८६० च्या त्या कायद्यात १९१५ साली दुरुस्ती करावी लागली.

१८६० च्या कायद्यातील आणखी एक शर्त मला सर्वांत विलक्षण वाटते. जो कोणी किताबाचा वारस होईल त्याने आपले जन्मनाव टाकून ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव धारण करावे. पारशी रीतीप्रमाणे माणसाच्या नावापुढे बापाचे नाव येते आणि ते दर पिढीस बदलते. आडनाव म्हणून काही स्थिर नसल्यामुळे किताबाला चिकटून राहील असे नावच नव्हते, म्हणून मूळ पुरुषाचे संपूर्ण नावच आडनावासारखे चालविले गेले. त्यामुळे दुसरे बॅरोनेट जन्माने कर्सेटजी, तिसरे माणेकजी, चौथे कावसजी, पाचवे रुस्तमजी, हे सर्व गादीवर येताच जमशेटजी जीजीभाई झाले. १८७७ साली दुसरे वारले, १८९८ साली तिसरे, आणि तिसऱ्यांचा वारसा त्यांच्या भावाकडे गेला. १९०८, १९३१, १९६८ अशा सालांनी पुढचे पुढचे अधिकारी बदलत गेले, पण इस्पितळाच्या दगडावर, रस्त्याच्या पाटीवर आणि सरकारी यादीत नाव एकच. यामुळे घराण्याची अखंडता डोळ्यांत भरते हे खरे. परंतु दीडशे वर्षांत या कुटुंबात जन्मलेल्या निरनिराळ्या माणसांची निरनिराळी कर्तृत्वे आणि स्वभाव त्या एका नावाखाली झाकले गेले, ही हानीही थोडी नव्हे. प्रत्येक वंशजाने पूर्वजाचे नाव उजळावे असे आपण म्हणतो. येथे त्याला स्वतःचे नाव ठेवण्याचीच मोकळीक नव्हती.

या कायद्याचा कित्ता पुढे इतरांनी गिरविला. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांना १८९० साली बॅरोनेटपद मिळाले आणि १८९३ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. दुसरे बॅरोनेट त्यांचे नातू, जन्मनाव जीजीभाई फ्रामजी, तेही दिनशा माणेकजी झाले, आणि त्यांच्याच कन्येने, रतनबाईने, १९१८ साली महंमद अली जीना यांच्याशी विवाह केला. कावसजी जहांगीर यांना १९०८ साली, खोजा व्यापारी करीमभाई इब्राहिम यांना १९१० साली, आणि अहमदाबादचे चिनुभाई माधवलाल यांना १९१३ साली हा मान मिळाला. हिंदू समाजातले पहिले बॅरोनेट ते हेच. खऱ्या उमरावीची, म्हणजे वंशपरंपरागत लॉर्डपदाची, पायरी एकाच हिंदी गृहस्थाला चढता आली, ती १९१९ साली रायपूरचे लॉर्ड सिन्हा यांना. आणि त्यांच्या मुलाने वारसा मागितला तेव्हा हिंदू पद्धतीने झालेला विवाह बहुपत्नीत्वाला वाव देणारा असताना त्यातील संतती ‘औरस’ मानावी काय, हा प्रश्न लॉर्डांच्या समितीपुढे जाऊन १९३९ साली त्यांच्या बाजूने सुटला. किताब देणारे राज्य एका कायद्याचे आणि किताब घेणारा संसार दुसऱ्या कायद्याचा, ही अडचण प्रत्येक घराण्यात कोठल्या ना कोठल्या रूपाने पुन्हा उद्भवली.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने राज्याने किताब देणे बंद केले आणि भारतीय नागरिकाने परकीय राज्याकडून तो स्वीकारण्यास मनाई केली. तथापि आधी मिळालेल्या बॅरोनेटपदांचा वारसा इंग्लंडच्या दृष्टीने राजपत्राप्रमाणे चालूच राहिला. मुंबई विधिमंडळाने १९५९ साली करीमभाई इब्राहिम यांच्या किताबासाठी बांधलेली मिळकत मोकळी करून तिची वाटणी करण्याचा कायदा केला. म्हणजे येथल्या कायद्याने बांधलेली संपत्ती येथल्याच कायद्याने सोडविता आली, किताब मात्र त्या विधिमंडळाच्या आवाक्यातला नव्हता. जीजीभाईंचे सातवे बॅरोनेट २००६ साली निवर्तले आणि आठव्यांचा काळ सुरू झाला. या काळात पारशांचा सर्वसाधारण वारसा कायदा बदलत गेला. १८६५ च्या पारशी वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग दिला होता, पुढे तो अर्धा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने मुलगा व मुलगी यांचे हिस्से सारखे झाले. किताब मात्र १८५७ च्या राजपत्राप्रमाणे अजून पुरुषसंततीतच चालतो.